बसल्या बसल्या पायाची बोटं आवळली जातात, ही सवय कशी मोडावी?

प्रश्न · रानजाई

लॅपटॉपवर काम करताना दोन्ही पायांची बोटं खाली मुडपून घट्ट आवळलेली असतात. लक्षात येतं तेव्हा अर्धा-पाऊण तास गेलेला असतो. सोडली की दोन मिनिटांत परत तेच. संध्याकाळी चवडा आणि पोटरीचा आतला भाग ठणकतो, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या शेंड्याला घट्टे पडलेत, आणि रात्री अधूनमधून तळव्यात पेटका येतो. लोकलमध्ये उभं असतानाही बोटं जमीन धरून ठेवतात.

वय ३४, उंची ५ फूट १ इंच. मधुमेह नाही, थायरॉइड आणि बी-१२ नॉर्मल. रोज ८-९ तास खुर्चीत. घरात रबरी स्लिपर, बाहेर बेली. "पाय सैल सोड" असं स्वतःला सांगून काही फरक पडत नाही. नेटवर सगळीकडे जमिनीवरचा टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करायचा व्यायाम सांगतात, तो करावा का?

---

पोटरी_ते_पाऊल (फिजिओथेरपिस्ट)

टॉवेलचा व्यायाम तुम्ही करू नका. बोटं दिवसभर आवळलेलीच आहेत, त्यांना आणखी आवळायचा सराव कशाला? तो व्यायाम कमान बसलेल्यांना सरसकट सांगितला जातो, आणि तिथेही बहुतेकांकडून तळव्याचे छोटे स्नायू बाजूला राहून पोटरीतले लांब स्नायूच वापरले जातात.

खरी गोम इथेच आहे. बोटं मुडपणारे मोठे स्नायू पावलात नसतातच. ते नडगीच्या मागे, पोटरीच्या अगदी खोल थरात असतात. त्यांच्या कंडरा आतल्या घोट्यामागून वळून तळव्यात उतरतात आणि बोटांच्या शेवटच्या पेरापर्यंत जातात. म्हणून आवळता बोटं आणि ठणकते पोटरी. शेवटचं पेर जमिनीत रुततं, म्हणून घट्टे नेमके शेंड्याला पडतात. हाताने खात्री करून घ्या: आतल्या घोट्याच्या चार-पाच बोटं वर, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला हाताचा अंगठा रोवा आणि पायाची बोटं मुडपा. अंगठ्याखाली काहीतरी फुगून वर येतं. तिथे दाबल्यावर "हेच ते दुखणं" असं वाटलं, तर नुसता तळवा चोळून भागणार नाही.

आता एक चाचणी. खुर्चीत बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. पाऊल सैल खाली पडू द्या आणि हाताने पायाचा अंगठा नडगीच्या दिशेने मागे वाकवा. सहज जाईल. मग पाऊल घोट्यातून वर ओढून धरा आणि अंगठा पुन्हा तसाच मागे वाकवून बघा. आता तो अडत असेल, किंवा पाऊल वर घेतानाच बाकीची बोटं आपोआप आत वळत असतील, तर लांब स्नायू आखूड झालेत. मग तुम्ही आवळलं नाही तरी बोटं थोडी मुडपलेलीच राहणार.

ताण द्यायचा तोही याच बैठकीत. एका हाताने टाच धरा. आधी घोटा वर, आणि तो तसाच ठेवून मग बोटं मागे. हा क्रम उलटा केला की ओढ फक्त तळव्यात लागते आणि पोटरी कोरडीच राहते. बोटं शेंड्याला धरून ओढू नका, शेवटचे सांधे दुखावतात. तळहात बोटांच्या मुळाशी टेकवून ढकला. ३० सेकंद, ३ वेळा, सकाळ-संध्याकाळ. ओढ पोटरीच्या आतल्या बाजूला जाणवायला हवी. सांध्यात टोचत असेल तर पकड चुकली आहे.

त्यानंतर हाताची बोटं पायाच्या बोटांच्या फटींत मुळापर्यंत गुंफा आणि चवडा सावकाश दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा फिरवा. पहिले काही दिवस हाताची बोटं आत जाणारच नाहीत, तेव्हा शेंडे गेले तरी पुरे.

बळ वाढवायचंच असेल तर दोन आठवड्यांनी हे सुरू करा: पाऊल सपाट जमिनीवर, बोटं लांब आणि सैल, आणि अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा टाचेकडे ओढायचा. कमान किंचित वर येते, पाऊल तेवढंच आखूड होतं. ५ सेकंद धरा, १० वेळा. बोटांची नखं पांढरी पडली की समजा लांब स्नायू मध्ये घुसले. तिथेच थांबा आणि निम्म्या जोराने करा. सुरुवातीला हालचाल इतकी बारीक असते की काही होतंय असं वाटतच नाही, पण तेवढीच हवी आहे.

---

सुताराचा_गुण्या (ऑफिस फर्निचर आणि बैठकीचं काम)

उंची वाचली आणि खुर्चीची शंका आली. पावलांना टेकायला जागा मिळाली नाही की बोटं काहीतरी पकडायला बघतात. मग पाय खुर्चीच्या चाकांच्या स्टँडवर जातात आणि बोटं त्याची कड धरतात, किंवा पाय मागे खुर्चीखाली दुमडून फक्त शेंड्यांवर टेकतात. दोन्हींत बोटं आवळल्याशिवाय पाय जागेवर राहूच शकत नाही. अशा वेळी सवय मोडा म्हणून सांगणं अन्यायाचं आहे, ते पाऊल आपलं काम करतंय.

टेप घेऊन मोजा. बसल्यावर जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचं अंतर उंचीच्या साधारण पाव भाग असतं, म्हणजे तुमच्या बाबतीत ३८-३९ सेंमी. आपल्याकडची टेबलं बहुतेक ७५ सेंमीची. त्यावर कोपर नीट यायचं तर तुमची सीट ५० च्या आसपास न्यावी लागते, आणि पाय १० सेंमी लोंबकळतात. सीट खाली घेतली तर खांदे वर जातात. म्हणून सीट टेबलाच्या हिशोबानेच ठेवा आणि जमीन वर आणा.

घरात जेवायचा पाट असेल तर तो उत्तम, फक्त उंची मोजून घ्या. बहुतेक पाट ५ सेंमीच्या आसपासच भरतात. ऑफिसात सगळ्यात सोपं म्हणजे ए-४ कागदाची न फोडलेली रिमं. एक रीम साधारण ५ सेंमी जाड असते. दोन-दोन रिमांच्या दोन थप्प्या शेजारी ठेवून चिकटपट्टीने घट्ट गुंडाळल्या की १० सेंमी उंच, ४२ रुंद आणि ३० खोल असा ठोकळा होतो. खोली महत्त्वाची आहे, टाचेसकट अख्खं पाऊल वर मावलं पाहिजे. टाच मागे लोंबली की पुन्हा बोटांवर भार. बाजारातले उतरते फूटरेस्ट घेतले तर उतार १० अंशांच्या आत ठेवा, जास्त झाला की पाऊल घसरतं आणि ते थोपवायला बोटं आवळतात.

दुसरं, सीट खोल असेल तर कमी उंचीची माणसं पुढच्या काठावर सरकून बसतात, आणि काठावर बसलं की निम्मं वजन चवड्यावर. पाठीमागे उशी किंवा छोटा लोड द्या. सीटची कड आणि गुडघ्यामागची घडी यांत दोन-तीन बोटं जातील एवढंच अंतर सोडा.

आता पायताण. रबरी स्लिपरला मागे पट्टा नसतो. पाऊल उचललं की ती खाली पडू नये म्हणून दर पावलाला बोटं तिला चिमटीत धरतात. खडावांच्या खुंटीचं जे काम, तेच स्लिपरच्या पट्ट्याचं. बेलीचंही तसंच: वरून उघडी, पट्टा नाही, मग बोटं आतून तळ पकडतात. बेली जुनी होऊन सैल पडली की जास्तच. तुमच्या बेलीचा आतला तळ काढून उजेडात बघा. बोटांच्या शेंड्यांच्या जागी खळगे पडले असतील तर पुरावा तिथेच आहे.

घरात मागे पट्टा असलेली सँडल किंवा अनवाणी. थंड फरशीवर बोटं आकसत असतील तर सुती मोजे, पण तळाला रबरी ठिपके असलेले. गुळगुळीत मोजे फरशीवर घसरतात आणि पुन्हा पकड सुरू. बाहेरच्या बुटात सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे एक-सव्वा सेंमी जागा हवी, आणि पावलाच्या वरच्या बाजूला नाडी किंवा पट्टा. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे फुगतात.

---

अंतर्नाद_७ (समुपदेशक)

वरचे दोन्ही उपाय आधी करा, माझा भाग त्यानंतरचा आहे. खुर्ची आणि पायताण सुधारल्यावरही जी आवळण्याची सवय उरते, तिचं नातं बहुधा दात चावण्याशी, खांदे वर घेण्याशी, श्वास रोखण्याशी असतं. एकाग्रता आणि ताण या दोन्हींत शरीर कुठेतरी ब्रेक दाबून ठेवतं. तुमचा ब्रेक पायात आहे.

"सैल सोड" का चालत नाही? कारण सैल सोडणं ही करायची गोष्ट नाही, थांबवायची आहे, आणि आपण आवळतोय हे मुळात कळलेलंच नसतं. अझरिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा नकळत सवयींसाठी पद्धत मांडली. ती दोन पायांवर उभी आहे: आधी सवय पकडायला शिका, मग तिच्या जागी अशी हालचाल ठेवा की दोन्ही एकाच वेळी होऊच शकत नाहीत.

पहिला आठवडा फक्त पकडायचं, सुधारायचं नाही. मोबाइलवर दिवसभरात दहा गजर लावा, ठरावीक अंतराने नकोत, वेडेवाकडे लावा. गजर झाला की पावलाकडे लक्ष न्या आणि कागदावर तीन गोष्टी लिहा: बोटं आवळली होती का, काय चाललं होतं, पायात काय होतं. एवढंच. या आठवड्यात पुष्कळ जण घाई करतात आणि थेट सुधारायला लागतात. मग कोणत्या वेळी आणि कशामुळे होतं हे कधीच कळत नाही, आणि पंधरा दिवसांत सगळं सुटतं.

त्याच आठवड्यात एकदा मुद्दाम, अगदी सावकाश बोटं आवळा आणि काय आधी घडतं ते बघा. कुणाचा आधी अंगठा तळाला दाबला जातो, कुणाची टाच उचलते, कुणाचा श्वास थांबतो. तुमची जी पहिली खूण असेल ती लिहून ठेवा. पूर्ण आवळल्यावर कळण्यापेक्षा या खुणेवर कळलं तर काम फार हलकं होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून उलटी हालचाल. खूण जाणवली की टाच जड करून टेकवा, पाचही बोटं वर उचला, पसरा, तीन सेकंद थांबा, आणि करंगळीपासून सुरू करून एकेक बोट लांब करत खाली ठेवा. मग उरलेलं मिनिटभर वजन टाचेवर ठेवून काम चालू ठेवा. मिनिटभर बोटं वर धरून ठेवायची नाहीत, नाहीतर नडगीपुढचा स्नायू दुखायला लागेल. बुटात बोटं उचलता येत नसतील तर नुसती टाच दाबा आणि बोटं पुढे लांब करा. श्वास सोडताना केलंत तर बोटं चटकन सुटतात.

घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, पण त्याने "परत आवळलंस!" म्हणायचं नाही. "टाच" एवढाच शब्द. टोकल्याची शरम वाटली की ताण वाढतो आणि पाय आणखी आवळतो.

---

नाडीपरीक्षा (एमडी मेडिसिन)

प्रश्नातल्या वर्णनात काळजीचं काही दिसत नाही: दोन्ही बाजूंना सारखं, लक्ष गेलं की सोडता येतं. पण हा धागा इतरही वाचतील, म्हणून सांगतो. बोटं ठरवूनही सुटत नसतील, एकाच पायाची वळत असतील, चालताना किंवा पळताना पाऊल आत वळत असेल, पहाटे उठल्यावर ठरावीकपणे अंगठा वर किंवा बोटं खाली ताठ होत असतील, तर ही सवय नाही. तो स्नायूंच्या नियंत्रणाचा आजार असू शकतो, आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवायला हवं. उलटी थांबवायच्या मेटोक्लोप्रमाइडसारख्या आणि काही मानसोपचारांच्या औषधांनीही असं होतं, तेव्हा नवीन सुरू झालेली गोळी डॉक्टरांना जरूर सांगा.

मधुमेह असलेल्यांनी विशेष सांभाळावं. नसा कमजोर होऊन तळव्याचे छोटे स्नायू सुकले की बोटं आपोआप नख्यांसारखी वळतात. तिथे सवय मोडायला जाऊन उपयोग नाही. बधिरपणा, मुंग्या, जळजळ असेल तर आधी संवेदनेची तपासणी करून घ्या. तोवर गरम पाण्यात पाय बुडवणं, तळव्याखाली बॉल फिरवणं आणि घट्टे ब्लेडने कापणं, तिन्ही बंद.

पेटक्यांसाठी मॅग्नेशियमच्या गोळ्या परस्पर घेऊ नका, रात्रीच्या साध्या पेटक्यांवर त्यांचा फारसा गुण दिसलेला नाही.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजलं: सीट ४९ सेंमी, गुडघ्यामागची घडी ३८, टेबल ७५. रिमांचा ठोकळा केला. बेलीच्या तळात दुसऱ्या-तिसऱ्या बोटाखाली खरंच खळगे आहेत. अंगठ्याच्या चाचणीत डावा पाय ठीक, उजवा अडतो. तीन दिवसांत ३० गजरांपैकी २१ वेळा बोटं आवळलेली, त्यातली बरीचशी व्हिडिओ कॉलवर. पहिली खूण श्वास रोखणं. लोकलचं आणि रात्रीच्या पेटक्याचं काय करू?

---

पोटरी_ते_पाऊल

उजवा अडतोय तर त्याला ५ वेळा ताण द्या, डाव्याला ३. आणि उजवा पाय खुर्चीखाली मागे दुमडून बसता का, ते गजराच्या कागदावर लिहा. दुमडलेल्या पायाचं पाऊल शेंड्यांवर टेकतं, त्यामुळे एकच बाजू आखडते.

रात्रीसाठी: पांघरूण पायाकडून गादीखाली खोचू नका. जड गोधडी किंवा रजई पावलं खाली दाबून ठेवते, आणि रात्रभर पोटरी आखूड अवस्थेत राहते. पेटका आलाच तर गुडघा सरळ करा, हाताने बोटं आणि पाऊल नडगीकडे ओढा आणि सुटेपर्यंत धरा. त्या वेळी बोटं मुडपून जोर लावला तर पेटका वाढतो.

झोपण्यापूर्वी एडमंड जेकबसन यांच्या पद्धतीतला पायाचा भाग करा: बोटं मुद्दाम आवळा, पण पूर्ण ताकदीच्या फार तर तिसऱ्या हिश्शाने, ५ सेकंद, मग एकदम सोडा आणि ३० सेकंद फक्त सुटलेपण अनुभवा. तीन वेळा. पुस्तकी सूचना जोरात आवळायला सांगतात, पण पेटके येणाऱ्या पायाने तसं केलं तर तिथेच पेटका येतो. उद्देश आवळण्याचा नाही. सुटलेलं पाऊल कसं असतं, हे मेंदूला पुन्हा ओळखता यावं म्हणून हे करायचं.

उभं राहण्याचा सराव घरी ताडासनात करा. पावलं नितंबांइतकी रुंद, बोटं उचलून पसरा, टाच आणि अंगठा-करंगळीची मुळं या तीन जागी वजन वाटा, मग बोटं खाली ठेवा. गुडघे मागे कुलूप लावल्यासारखे ताठ करू नका. बरोबर उभ्या आहात का, याची खूण: दुसऱ्या कुणाला बोटांखाली कागदाची पट्टी सरकवून ओढायला सांगा. सहज निघाली तर ठीक. अडकली तर वजन पुढे गेलंय, कंबर पाव इंच मागे घ्या आणि पुन्हा ओढायला सांगा.

---

सुताराचा_गुण्या

लोकलबद्दल. तुमच्या उंचीला वरच्या कडीपर्यंत हात पोचवायचा तर शरीर चवड्यावर चढतं, आणि बोटांना पकडावंच लागतं. कडी सोडा, दाराजवळचा उभा दांडा किंवा सीटच्या पाठीची कड धरा, हात खांद्याच्या खाली राहिला पाहिजे.

तोंड गाडीच्या दिशेने करून उभं राहिलं की प्रत्येक ब्रेकला वजन पुढे बोटांवर येतं. त्याऐवजी खिडकीकडे तोंड करा आणि पावलांमध्ये गाडीच्या लांबीच्या दिशेने फूटभर अंतर ठेवा. मग ब्रेकचा धक्का एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो, बोटांपर्यंत येत नाही. बाजूच्या हेलकाव्यासाठी एक पाऊल दुसऱ्याच्या अर्धं पुढे. पावसाळ्यात डब्यातली फरशी ओली असते, तेव्हा गुळगुळीत तळाची बेली अजिबात नको, खाच्यांचा तळ आणि मागे पट्टा असलेलंच काही घाला.

---

अंतर्नाद_७

३० पैकी २१ पकडलेत, म्हणजे लक्ष नीट बसतंय. कॉलचं वेगळं हाताळा. कॉल जोडायच्या आधी टाचा ठोकळ्यावर टेकवा, एक लांब श्वास सोडा, आणि मग बटण दाबा. कॉलमध्ये तुम्ही बोलायला सुरुवात करण्याआधीचा क्षण बघा, श्वास तिथेच रोखला जात असणार. त्या क्षणी बोटांची आठवण ठेवू नका, नुसता श्वास सोडा, बोटं त्याच्यामागून सुटतात. आठवड्याने पुन्हा तीन दिवस गजर लावून मोजा आणि आकडा इथे टाका.

---

रानजाई

नक्की टाकते. ऑफिससाठी मागे पट्टा असलेली सँडल आज संध्याकाळी बघायला जाणार आहे, टेप घेऊन.

---

सुताराचा_गुण्या

रोजचे मोजे घालून मापून बघा. दुकानात दहा पावलं चाला आणि टाच मागून सुटते का ते बघा. सुटत असेल तर पट्टा एक भोक आत घेऊन पुन्हा चाला. तरीही सुटली तर अर्धा नंबर लहान मागा, पण आधी पुढची सव्वा सेंमी जागा उरते का ते तपासा.